टोप्या घातलेला मंडप

सोलापूरच्या दवाखान्यात शेवटची भेट झाली, तेव्हा अक्कांनी दुखण्याचा शब्द काढला नाही. डोळे उघडले आणि विचारलं, "आज कोणता रंग जास्त निघाला?" मी म्हणाले, "पिवळा." "मग झ्याक," म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटले… दुसऱ्या दिवशी गेल्या. महिना होत आला. अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई आणि मुरूम गावाजवळच्या आमच्या शेतातल्या जरबेराच्या पॉलिहाऊसच्या खऱ्या मालकीणबाई. मी भागीदार, पण नावालाच.

सावकाश काही करणं त्यांना जमतच नसे. जरबेराही त्यांच्याच स्वभावाचा. फूल उमललं की देठाला हलका पीळ देऊन लगेच ओढावं लागतं, नाहीतर झाड थकतं. एका उन्हाळ्यात सीमेवर युद्ध पेटलं, विमानं बंद झाली आणि हैदराबादच्या व्यापाऱ्यानं कळवलं, दिल्लीची लग्नं लांबली, माल पाठवू नका. पण फुलांना हे कोण सांगणार? रोज ओढायची आणि रोज शेळ्यांपुढं टाकायची. घरातले पुरुष म्हणाले, रोपं उपटा, ऊस लावू. मलाही ते पटायला लागलं होतं. अक्का मात्र इरेला पेटल्या. "म्या जित्ती हाय तवर एक रोप उपटू देणार न्हाय," एवढं बोलून पुन्हा वाफ्यात शिरल्या.

अशात बातमी आली. शेजारच्या गावातला एक जवान लग्नासाठी सुटीवर आला होता, त्याला तातडीनं परत बोलावलं. पुढच्या आठवड्यातलं लग्न उद्यावर आलं आणि सजावटवाला ऐनवेळी मिळेना. मंडप म्हणजे नुसते बांबू आणि वर कापड. अक्कांनी हातातला चहा तसाच ठेवला आणि मला म्हणाल्या, "शोभा, त्या पोराला थांबाया येळ न्हाय, आन् आपल्या फुलांनाबी न्हाय. चल ऊठ."

काय ती धांदल! कामावरच्या बायका हसत, ओरडत, एकमेकींना ढकलत फुलं ओढत होत्या. इतक्या दिवसांनी फुलं कुठंतरी निघाली होती ना. सकाळी पहिला टेम्पो पुढं गेला, उरलेली फुलं घेऊन मागून आम्ही दोघी. पोचलो आणि मी कपाळाला हात लावला. मंडप लाल, पिवळ्या, नारिंगी फुलांनी गच्च भरलेला, पण प्रत्येक फुलाच्या तोंडावर प्लास्टिकची टोपी! लांबच्या प्रवासात पाकळ्या मोडू नयेत म्हणून आम्ही ती चढवतो. हाताच्या सवयीनं बायकांनी कोसभर जाणाऱ्या फुलांनाही चढवली आणि गावकऱ्यांनी तशीच खांबांना बांधली. "शहरात असंच असतंय," असं नवरदेवाची मावशी सगळ्यांना समजावून सांगत होती.

भटजी अंतरपाट धरून उभे. अक्कांनी पदर खोचला आणि थेट त्यांच्यापुढं गेल्या. "काका, जरा दम धरा."

"अहो, मुहूर्त टळतोय."

"तुमचा मुहूर्त न्हाय पळून जात. आधी फुलांची तोंडं उघडू द्या."

मग सगळं वऱ्हाडच उठलं. मावशी उठली, करवल्या उठल्या, हसू आवरत नवरा मुंडावळ्यांसकट खुर्चीवर चढला, नवरीनं आपल्या बाजूचा खांब घेतला. टोप्या पटापट निघत गेल्या आणि मंडप बघता बघता फुलत गेला… आज लिहितानाही अंगावर काटा येतोय. तो जवान अक्कांच्या पाया पडला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "सुखरूप ये बाबा." संध्याकाळी तो निघून गेला.

त्या लग्नाला आलेल्यांनी गावोगाव सांगितलं. भाड्याच्या प्लास्टिकच्या फुलांना सरावलेली माणसं आमचा पत्ता विचारत येऊ लागली. पुढं हैदराबादचा बाजार उघडला तरी अक्कांनी आसपासच्या गावांना फुलं देणं थांबवलं नाही. रोपं वाचली. पण त्या गेल्या, तेराव्याचे पाहुणे परतले आणि घरात पुन्हा उसाचा विषय निघाला. या खेपेला निर्णय माझ्यावर होता आणि अक्कांशिवाय हे आपल्याला झेपेल का, या भीतीनं मी तो पुढं ढकलत होते.

अक्कांचा मोबाइल अजून पॉलिहाऊसच्या दाराशी खिळ्याला पिशवीत लटकतोय. चार्ज मीच करते. परवा सगळे तिथंच उसाचं बोलत उभे असताना तो वाजला. पलीकडं कुणी अनोळखी बाई होत्या. "अक्का, पोरीचं लगीन काढलंय. फुलं भेटतील का वो?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

"अक्का न्हाईत वो बाई," मी म्हणाले. "फुलं हायत."