गुरुवारी उतरणारी बॅटरी

आमच्या चिखलीतल्या सोसायटीत एखादी गाडी सुरू झाली नाही की निम्मी बिल्डिंग खाली उतरते. इथं प्रत्येक घरातला कुणी ना कुणी गाड्यांच्या कंपनीत आहे. कुणी सीट बसवतो, कुणी रंग मारतो, कुणी ब्रेकच्या लाइनला असतो. दिवसभर यांच्या हाताखालून गाड्या जातात, पण अख्खी गाडी एकालाही ठाऊक नाही. मी स्वतः चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेते. ही खोड घरीही सुटत नाही, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. त्याचं म्हणणं खोटं नाही.

माझे सासरे पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर इलेक्ट्रिकल मेंटेनन्स. मूळ गाव साताऱ्याकडचं, त्यामुळे मी त्यांना मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छोटी गाडी घेतली. आता ती जुनी झाली आहे, पण तिचे लाड काही कमी झालेले नाहीत. संध्याकाळी तिला राखाडी कव्हर घालायचं आणि सकाळी लग्नातल्या शालूसारखी त्याची घडी घालून ठेवायची. दर गुरुवारी दोघं राजगुरुनगरला माझ्या नणंदेकडे जायचे. गुरुवारी मलाही सुट्टी, म्हणून त्यांची निघायची गडबड मी गॅलरीतून बघत बसायची.

अशाच एका गुरुवारी मामांनी किल्ली फिरवली आणि नुसतं 'टक्' झालं. लगेच मंडळी जमली. सीटवाले म्हणाले, "राव, गाडी बसून राहिली की बॅटरी मरतेच." ब्रेकवाले म्हणाले, "मागचा ब्रेकचा दिवा चालू राहत असणार, भाऊ." पेंट शॉपवाल्यांना टर्मिनलवरची पांढरी बुरशी दिसली. मामांनी सगळ्यांचं ऐकलं आणि केलं मात्र स्वतःच्या मनाचं. गरम पाण्यानं टर्मिनल धुतले, वर व्हॅसलीन लावलं, बेल्ट अंगठ्यानं दाबून बघितला. त्या दिवशी दोघं बसनं गेले. बॅटरी तशी जुनीच होती, म्हणून मामांनी नवी आणून बसवली.

पुढच्या गुरुवारी नवी बॅटरीही मेलेली.

मामांनी ती काढून चार्जरला लावली. शुक्रवारी गाडी पहिल्या फटक्यात सुरू. शनिवारी भाजीला नेली, तरी झकास. रविवारी आत्यांना देवळात नेऊन आणलं. आणि पुन्हा गुरुवारी 'टक्'.

मामांचा चेहराच उतरला. ज्या माणसानं बंद पडलेल्या मोठमोठ्या मोटारी फिरत्या केल्या, त्याला दारातली गाडी कळेना. सोसायटीतले लोक आता सल्ले द्यायचे सोडून हसायला लागले होते. मामा दुपारभर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. मला गाडीचं काही पडलं नव्हतं. हा माणूस असाच खचत गेला तर काय करायचं, हीच काळजी होती.

बॅटरी उतरायची कारणं साधारण दोन. एक, ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारा छोटा जनरेटर, तिला भरत नाही. दुसरं, गाडी उभी असताना काहीतरी तिला पीत राहतं. पण दोन्हींना वार कळत नाही. कारखान्यात एखादी चूक एकाच शिफ्टला यायला लागली की आम्ही मशीन सोडतो आणि त्या शिफ्टला काय वेगळं घडतं ते बघतो. मग गुरुवारच्या आधी काय घडतं? गुरुवारच्या आधी बुधवारची संध्याकाळ असते.

त्या बुधवारी कामावरून आले ती घरात न जाता थेट पार्किंगमध्ये गेले. उभ्या गाडीत बॅटरीतून करंट जातोय का, ते मोजायला मीटर घेतला होता. मीटर पर्समधून काढावाही लागला नाही. कव्हरची कड उचलली, तर आत गाडीचे छोटे पार्किंगचे दिवे मिणमिणत होते. जाड कव्हर असल्यामुळे बाहेर त्यांचा मागमूस नव्हता. आणि खांबाआडच्या बाकावर आत्या बसल्या होत्या. मुठीत गाडीची किल्ली.

मला आधी रागच आला. "आत्या, काय केलंत हे? मामांची काय दशा झालीय, दिसत नाही तुम्हाला?"

"मला दिसतंय. त्यांनाच दिसत न्हाई," आत्या म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारी बसले. मग त्यांनी सांगितलं. मामांच्या डोळ्याच्या पडद्याला साखरेनं धरलं होतं. कडेचं दिसायचं, पण जिथं नजर लावावी तिथंच पुसट व्हायचं. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून बजावलं होतं, आणि मामांनी ते घरात कुणाला सांगू दिलं नव्हतं.

"चाकणच्या चौकात पुढं ट्रेलर हुबा हुता गं. यांना दिसलाच न्हाई. मी वरडले म्हणून वाचलो. तवापासनं बुधवारी दिवं लावून ठेवते, आन् सकाळी ते कव्हराची घडी घालत्यात तंवर मी आत बसून दिवं बंद करते."

"पण स्पष्ट सांगायचं ना त्यांना."

"सांगितलं. जेवायचं सोडलं त्यांनी. मला म्हणाले, मग आता माझा उपेग काय?" आत्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "दोष गाडीत निघू दे, पोरी. माणसात नको."

"आणि भाजीला जातात ते? त्या रस्त्यावर माणसं नसतात का?" मी विचारलं. आत्यांचा जीव गुरुवारच्या हायवेलाच भीत होता. माझा आता गल्लीलाही भ्यायला लागला. मी दिवे बंद केले आणि कव्हर पुन्हा नीट घातलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर आत्यांचा इतका कळवळा आला, की मघाशी ओरडले त्याची लाज वाटली.

सकाळी मामांच्या मागोमाग मीही खाली गेले. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. मामांच्या तोंडावर हसू आलं आणि मला काल बंद केलेले दिवे आठवले. आत्या गाडीत न बसता दाराशीच उभ्या राहिल्या.

"आलीच आहेस, तर चार्जिंग बघून टाकू," मामा म्हणाले. त्यांनी बॉनेट उघडलं आणि माझ्याकडून मीटर घेतला. लाल वायर प्लसला, काळी मायनसला. टर्मिनल त्यांनी बोटांनी चाचपून शोधले, पण एकदाही चुकले नाहीत. मग मीटर माझ्यापुढं धरला.

"किती?"

आकडे ठसठशीत होते. चौदा पॉइंट दोन व्होल्ट. ऑल्टरनेटर ठणठणीत होता. आकडा बारा-साडेबारावर अडकला असता, तर ऑल्टरनेटर बॅटरी भरत नाही असं म्हणता आलं असतं. आजवर एकाही कागदावर मी खोटा आकडा टाकलेला नाही. त्यावरून साहेबांशी भांडलेली आहे.

"बारा," मी म्हणाले.

मामांनी इंजिनावरची केबल हातानं ओढून रेस दिली. "आता?"

"बाराच. अजून उतरतंय."

त्यांनी केबल सोडली. मान तिरकी करून डोळ्याच्या कडेनं आधी मीटरकडं पाहिलं, बराच वेळ. मग तसंच आत्यांकडं. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. इंजिन एका लयीत चालू होतं. त्यात काही बिघाड नाही, हे त्यांच्या कानांना कळत नसेल, असं मला क्षणभरही वाटलं नाही.

"ऑल्टरनेटर गेला म्हणायचा," मामा म्हणाले.

"हो, मामा."

"जुन्या गाडीला आता नवा घालण्यात अर्थ न्हाई." त्यांनी गाडी बंद केली, किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवून वरून माझी मूठ मिटली. मग आत्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "सोसायटीत कुणी इचारलं तर ऑल्टरनेटर गेला म्हणून सांग. दुसरं काय सांगू नको."

दोघं बसस्टॉपकडं निघाले. फाटकापाशी उंचवटा आहे. तिथं आत्यांनी त्यांचा दंड धरला आणि त्यांनी तो धरू दिला.

सोसायटीत सगळ्यांनी विचारलं. मी सगळ्यांना ऑल्टरनेटर सांगितला.