मंगलची अर्धशिशी

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींना भीक घालणाऱ्यातला नाही. फौजेत उभी हयात गेली, स्मशानाला लागून पहारे दिले... कधी काही दिसलं नाही. कुणी भुताटकीच्या गप्पा सुरू केल्या की मी उठून जायचो. आज मीच लिहितोय, हसायचं तर हसा.

माझी धाकटी बहीण मंगल वडूजकडं दिलेली. लग्नानंतर तिला अर्धशिशी जडली, डावीकडची. अगरबत्ती, गजरा, कुणाचा सेंट, नुसता वास आला तरी बाई आडवी. ओकाऱ्या, डोळ्यांवर फडकं, दार लावून अंधारात पडून राहायची. साताऱ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं – मायग्रेन आहे, गोळ्या घ्या, उग्र वासापासून लांब राहा. पण तिच्या सासूचं म्हणणं वेगळंच. देवापुढची अगरबत्ती सोसत नाही म्हणजे हिला बाहेरचं काहीतरी लागलंय. आता बोला. दाजी माणूस भला, पण आईपुढं तोंड उघडायचं नाव नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. अमावस्या होती, दुपारची वेळ. सांगलीत एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर मी सुपरवायझर आहे. आत पेट्यांच्या थप्प्या बघत होतो आणि एकदम ऊद जाळल्याचा दाट वास आला... त्या गार, बंद खोलीत.

"ऊद कुणी लावला रं?" मी हमालाला विचारलं.

"कुठला ऊद, सायब? मला तर काय वास न्हाई."

तेवढ्यात माझ्या डोक्याची डावी बाजू अशी ठणकायला लागली की मी पेटीवरच बसलो. माझं जन्मात कधी साधं डोकं दुखलं नव्हतं. ओकारी आली, डोळा उघडेना. आणि का कुणास ठाऊक, मंगलच आठवली. तिला फोन लावला तर दाजींनी उचलला. मागून कुणीतरी जीव जाईस्तोवर खोकत होतं.

"दाजी, मंगल कुठं हाय?"

"आवं, देवर्ष्याकडं आणलीया. आईनं लय लावून धरलं हुतं. धुरी देत्यात."

"कसली धुरी?"

"उदाची... घोंगडं टाकून."

माझं टाळकंच सरकलं. जिला अगरबत्ती सोसत नाही तिला घोंगड्याखाली कोंडून उदाची धुरी द्यायची, ही यांची अक्कल. "काढा तिला भाईर," मी ओरडलो, "न्हाईतर मीच येतो तिकडं." थोड्या वेळानं तिचाच आवाज आला, पार बसलेला.

"दादा, वरडू नगंस. थांबलं रं. एकदम थांबलं बघ."

त्या दिवसापासून तिचं डोकं एकदाही दुखलेलं नाही. माझं मात्र सुटत नाही. घरातली अगरबत्ती बंद झाली, कपड्याच्या साबणानंसुद्धा मी आडवा होतो, लग्नकार्याला जाणं सोडलं. डॉक्टर म्हणाले, कधी आपोआप थांबतं, कधी या वयातही सुरू होतं, घराण्यात असतं. असेल. पण वडूजकडच्या उदाचा वास मला सांगलीत कसा आला, हे विचारल्यावर त्यांनी नुसत्या गोळ्या लिहून दिल्या.

मंगलला आम्ही कळू दिलं नव्हतं. या भाऊबीजेला ती आली ती चक्क मोगरा माळून. किती वर्षांनी माळला होता, खुशीत होती. मीही हसत पाटावर बसलो, पण ती ओवाळायला वाकली आणि माझा हात कपाळाकडं गेलाच.

तिनं ताट खाली ठेवलं. "कवापास्नं?"

"काय न्हाई गं, ऊन लागलंय."

"कुठली बाजू, दादा?"

तिनं गजरा ओढून काढला, बाहेर टाकला, फडकं भिजवून आणलं आणि नेमकं जिथं ठणकत होतं तिथंच दाबून धरलं. तिच्या डोळ्याला धार लागलेली.

"मी जाते त्या देवर्ष्याकडं. माझं मला परत दे म्हणते. मला सवय हाय रं त्याची, तुला न्हाई."

"गप बस. असलं काय नसतंय."

आता दर अमावस्येला तिचा फोन येतो, जाऊ का म्हणून. मी तिला वाटेल ते बोलतो आणि फोन ठेवतो. परवा बायको म्हणाली, "तुमचा इस्वास न्हाई न्हवं? मग जाऊ द्या की तिला. नुसता धूर तर हाय."

बरोबर आहे तिचं. तरी मी मंगलला जाऊ देत नाही.