भित्र्या बाई

आमच्या चौथीच्या बाई फार भित्र्या होत्या. पाल दिसली की त्या खुर्चीवर चढत. साहेब तपासणीला येणार म्हटलं की हातातला खडू मोडायचा. लोहाऱ्याला मीटिंग असली तर एसटी चुकेल म्हणून भल्या पहाटेच फाट्यावर जाऊन उभ्या राहत. पोरं त्यांना मागं ‘भित्र्या बाई’ म्हणायची. मीही म्हणायची.

मला फिट यायच्या. गाव त्याला फेफरं म्हणे. दुष्काळ होता. आई-दादा खडी फोडायला जात आणि मला घरी एकटीला ठेवायला नको म्हणून शाळेत धाडत. वर्गात पहिल्यांदा फिट आली तेव्हा पोरं पळाली. कुणीतरी माझ्या नाकाला चप्पल लावली. शुद्धीवर आले तर वर्ग रिकामा, आणि बाई भिंतीला टेकून उभ्या, पांढऱ्याफटक. त्यानंतर माझ्याशेजारी कुणी बसेना. शाळेत टँकरच्या पाण्याचा रांजण होता. दोन-तीन आया येऊन सांगून गेल्या आणि माझा पेला वेगळा झाला.

बाईंनी तो पेला पाहिला. त्यातच पाणी घेतलं आणि सगळ्यांसमोर प्यायल्या. निम्मं पाणी सांडून पदर भिजला. “वेगळा पेला म्हणजे काय, ते मला लहानपणापासून ठाऊक आहे,” एवढंच म्हणाल्या. आम्हाला तेव्हा ते नीट कळलं नाही. गावातल्या मोठ्या माणसांना कळलं.

मग त्या मला आणि आईला उमरग्याला डॉक्टरकडं घेऊन गेल्या. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, तरी बाई उठेनात. “पण पोरांनी काय करायचं?” हेच फिरून फिरून विचारत राहिल्या. येताना आई म्हणाली, “बाई, गावात बोलू नका. उद्या हिला कोण करून घेईल?” दुसऱ्या दिवशी बाईंनी मलाच बाजूला घेऊन विचारलं, “शारदा, वर्गात सांगू का? तू नको म्हणालीस तर नाही सांगणार.” मी मान डोलावली.

“हा आजार आहे, भूत नाही. शिवल्यानं लागत नाही,” बाईंनी सांगितलं आणि स्वतःच जमिनीवर आडव्या झाल्या. “आता मला कुशीवर वळवा. पाट्या लांब सारा. दाबून धरू नका. तोंडात काही घालू नका.” पोरं आधी हसली, मग बाईंना वळवू लागली. मी कोपऱ्यात घामाघूम. एका पोराचे वडील तावातावानं आले. “बाई, असलं काय शिकवता? पोरं भ्यालीत.”

“मीही भिते,” बाईंचा आवाज फाटला. “म्हणूनच शिकवते.”

पुढं एकदा बाई मीटिंगला गेल्या होत्या आणि मला पटांगणात फिट आली. डोळे उघडले तेव्हा मी कुशीवर होते, डोक्याखाली कुणाचं तरी दप्तर. शेजारी वर्गातली शकुंतला बसली होती. रस्त्यावरचा एक माणूस हातात चप्पल घेऊन आला होता आणि आमच्या वर्गाची पोरं त्याला आडवी उभी होती. “न्हाय काका, चप्पल न्हाय! कांदा बी न्हाय!”

बाई परतल्या तेव्हा सगळी एकदमच सांगू लागली. त्या पायरीवर मटकन बसल्या.

“भ्यालात का रे?”

“व्हय बाई, लई.”

“आणि पळालात?”

“न्हाय.”

बाईंनी पदरात तोंड लपवलं.

वर्ष संपलं आणि त्यांची बदली झाली. फाट्यावर गावातली बरीच माणसं होती. नव्या गावात ओळखीचं कुणी नाही म्हणून बाई रडवेल्या झाल्या होत्या, आणि आईच त्यांना धीर देत होती. माझ्या गोळ्या आई ज्वारीच्या कणगीत दडवून ठेवी. पाहुणे असले तर मला मोरीत नेऊन देई. गाडी हलली. बाईंना खिडकीतून काय आठवलं कोण जाणे. त्या अर्ध्या बाहेर वाकल्या आणि सगळ्या फाट्याला ऐकू जाईल अशा ओरडल्या, “शारदा, सकाळची गोळी घेतलीस का गं?”

आई दचकली. माणसं माझ्याकडं बघू लागली. मी धुळीत दोन पावलं धावले आणि जीव खाऊन ओरडले, “व्हय बाई, घेतली!”