दार आपटलं की पहिलं गाणं

जीप स्टँडावर बसलं की किस्से जमतच ऱ्हात्यात. सवाऱ्या भरायला येळ लागतो, तवर एकानं एक सांगितला की दुसऱ्याला दोन आठवत्यात. मी औसा-लातूर जीप चालवतो. शाळा चौथीपस्तोर. डोकं लवकर तापतं, हे समद्या स्टँडाला मालूम हाय. पण आमच्या स्टँडावरचे निम्मे किस्से त्या बोटाएवढ्या पेन ड्राइव्हनं केलेत, त्याला मी काय करू?

* * *

माझ्या जीपचा टेप जुना. पेन ड्राइव्ह ढिला बसतो. दार आपटलं की हिसका बसतो, आन पुन्हा पहिलं गाणं! दर फाट्यावर कुणीतरी उतरतंय, दार आपटतंय. मोबाइलच्या दुकानातून ढीगभर गाणी भरून आणली, वाजतं एकच.

एक गुरुजी रोजचे. एक दिवस वैतागले. "काय हो, दुसरं गाणं न्हाई का तुमच्यापाशी?"

मी म्हणलं, "हाय की गुरुजी! पण ते ऐकायचं तर लातूरपस्तोर कुणी उतरायचं न्हाई!"

गुरुजींचा फाटा आला, उतरले, आन दार असं लावलं जसं आत लेकरू झोपलंय.

* * *

नवी पोरं म्हणली, "काका, ब्लूटूथ लावा." लावलं. भर जीपमधी बायकूचा फोन आला, आन तिचा आवाज समद्या स्पीकरातून!

"मिरच्या आणा म्हणलं तर कालबी इसरलात. डोकं कुठं ठेवता, जीपमधी का?"

मी बटण शोधाय लागलो, सापडंना. मागून एक म्हातारा वरडला, "काळजी करू नको माय, आमी ध्यान देतो!"

लातुरात उतरताना समदी जीप एका सुरात, "ड्रायव्हर, मिरच्या!"

त्या दिवशी ब्लूटूथ गेलं आन पेन ड्राइव्ह परत आला.

* * *

आमचा गफूरभाई. स्टँडावर देवीची गाणी त्याच्याएवढी कुणाकडं न्हाईत. माहूरची सवारी म्हणलं की बाया त्याचीच जीप मागत्यात.

एकदा माहूरच्या घाटात गाण्यावर एका बाईच्या अंगात आलं. नवरा म्हणतो, "गाणं बंद करा!" बाकीच्या बाया म्हणत्यात, "खबरदार! देवीला अर्ध्यातून उठवता का?" गफूरभाईनं तेच गाणं पुन्हा पुन्हा लावत जीप वर नेली. बाई देवळापाशी शांत झाली.

परतताना घाट लागला, तसा त्यानं टेप बंद केला. बाया म्हणल्या, "का हो भाई, आता कामून बंद?"

"ताई, चढावर देवी सांभाळती. उतारावर मला बिरीक सांभाळावं लागतंय!"

* * *

आता सोपानचं सांगतो.

आमच्या स्टँडाचा कायदा हाय. ज्याचा नंबर लागला, हाक त्यानंच मारायची. दुसऱ्यानं मारली की सवाऱ्या भलत्याच जीपमधी बसत्यात, आन मंग गचांड्या धरत्यात. सोपानची हाक औश्यात समद्यात मोठी. किल्ल्यापस्तोर जायची म्हणा ना.

त्याच्या घशाचं दुखणं निघालं. डाक्टर म्हणला, ऑपरेशन करावं लागतंय, जीव वाचंल, आवाज न्हाई ऱ्हायचा.

सोपान स्टँडावर येऊन बसला. "जीप इकतो. हाक न्हाई तर सवारी न्हाई."

माझं डोकं फिरलं. "तुझ्या वाटची हाक मी मारतो! कोण आडवतंय बघतोच!"

सोपान म्हणला, "न्हाई रं. कायदा म्हंजी कायदा. माझ्यासाठी मोडला तर उद्या कोणबी मोडंल."

तवा गफूरभाईनं खिशातून मोबाइल काढला. "तुझीच हाक, सोपान. आजच भरून ठिवू. पेन ड्राइव्हमधी टाकू."

बाहेरचा गलका नको म्हणून काचा वर करून सोपान जीपमधी बसला. मोबाइलकडं बघतो, तोंडच उघडंना. "समोर सवारी न्हाई तर हाक कुणाला मारू?"

मंग त्याच्या बाजूला बसलेला मी खाली उतरलो. पिशवी घेतली आन रस्त्याच्या पल्याड सवारीवानी उभा ऱ्हायलो.

तसा सुटला बघा त्याचा आवाज! बंद काचांतून मला ऐकू येत व्हता, "लातूर, लातूर! चला, जागा हाय, मागं सरका, लातूर!"

मी रस्ता वलांडून आलो आन खरंच जीपमधी बसलो.

* * *

ऑपरेशन झालं. गळ्याला आता कायम रुमाल. पहिल्या दिवशी नंबर लागला, सोपाननं काचा खाली केल्या, टेप लावला. जीप भरली! समदे खुश.

लातुरात पोचल्यावर ध्यानात आलं. परतीची हाक भरलीच न्हाई! औश्याच्या स्टँडावर बसून आमी अडाण्यांनी नुसतं लातूर-लातूर भरून घेतलं. औसा म्हणायचं कुणालाच सुचलं न्हाई. आन आता तर सुचून उपेग न्हाई.

सोपाननं लातूरच्या स्टँडावरबी तेच लावलं. "लातूर, लातूर! चला, जागा हाय!" लोक हसाय लागले, "आरं बाबा, आलं की लातूर!" सोपानबी हसला. नुसते खांदे हलले.

आता नेहमीच्या सवाऱ्यांना ठाऊक हाय. लातूरच्या स्टँडावर जी जीप लातूर-लातूर वरडती, ती औश्याला जाती.

* * *

मागल्या बाजाराची गोष्ट. माझी जीप गॅरेजला, म्हणून मी औश्याच्या स्टँडावर सोपानच्या बाजूला बसलेलो. त्याच्या गावची कोंडामावशी मागं येऊन बसली. वरीसभर लेकीकडं नांदेडला होती, नुकतीच आली. डोळ्याला कमी दिसतं.

टेप चालूच. "लातूर, लातूर! मागं सरका!"

मावशीनं मागून सोपानच्या खांद्यावर हात ठिवला. "सोपाना, किती वरडतोस रं! एखाद्या दिवशी घसा जाईल तुझा."

मी सांगाय म्हणून तोंड उघडलं. सोपाननं माझा हात दाबला.

मावशीनं कनवटीची पुडी सोडली, खडीसाखरेचा खडा त्याच्या हातावर ठिवला. "हे तोंडात धर. आन जरा हळू बोलत जा, लेकरा."

सोपाननं खडा तोंडात टाकला, आन टेपचा आवाज कमी केला.