शर्ली वहिनीने माझा दुखवटा डिमसम खाऊ घालून काढला

आज सकाळपासून आमच्या फॅमिली ग्रुपवर ज्यांनी हात जोडलेले इमोजी टाकलेत, त्यातल्या निम्म्या लोकांनी माझ्या वहिनीला जिवंतपणी निर्लज्ज म्हटलं होतं.

नावं घेत नाही. वाचतायत सगळे.

शर्ली वहिनी काल गेली. माझ्या दादाची बायको. वाकोल्याची, ख्रिश्चन.

लग्न झाल्यापासून आमच्याकडे तिच्याबद्दल एकच वाक्य होतं, "चांगली आहे हो, पण..."
पणच्या पुढे कोणी बोलायचं नाही. हिंमत नव्हती.

चार वर्षांपूर्वी माझा नवरा गेला. मंगेश. ऑफिसमधून घरी आला तो छातीवर हात ठेवूनच.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि मी घाटकोपरच्या घरात बसले ती बसलेच.

आमच्यात बाईचा नवरा गेला की माहेरच्यांनी येऊन दुखवटा काढायचा. आपल्याबरोबर न्यायचं, जेवू घालायचं, साडी द्यायची. तोवर तिने उंबरा ओलांडायचा नाही. खाली दूध आणायलासुद्धा नाही.

माझे आई-बाबा नाहीत. दादा तेव्हा बोटीवर, सहा महिने यायचा नाही.
काकी म्हणाली, तो आला की बघू.
सोबतीला येऊन राहिलेल्या मावससासूबाईंनी तर परस्पर ठरवून टाकलं. वर्षभर बाहेर नको, मासे-मटण नको.

ऑफिसातून फोन येत होते, मॅडम, जॉइन कधी होताय?
काय सांगणार? माझा दुखवटा निघाला नाही म्हणून?
नोकरी जायची वेळ आली होती.

एका रविवारी वहिनी दारात.

"साडी बदल."
"कुठे जायचंय?"
"दुखवटा काढायला आलेय. चल."

मावससासूबाई म्हणाल्या, "अगं शर्ली, तुमच्यात असतं का हे?"

"तुमच्यात म्हणजे कोणात? मी हिच्या भावाची बायको. हिच्या माहेरची बाई म्हणून आता मीच आहे."

आणि माझ्या चपला तिने स्वतः उचलून माझ्या पायाशी ठेवल्या.

मला वाटलं, वाकोल्याला घरी नेईल, वरण-भात वाढेल. तर रिक्षा साकीनाक्यावरून सरळ अंधेरीला. एका चायनीज रेस्टॉरंटसमोर.

"वहिनी, हे काय गं?"
"माझं वरण खाल्लंयस ना तू? आधीच दुःखात आहेस, त्यात ते कशाला?"

बांबूच्या छोट्या टोपल्या आल्या. झाकण काढलं की वाफ. आत पांढरी पातळ पारी, पारीतून गुलाबी कोळंबी दिसतेय.

मी म्हटलं, "मोदकच आहे की हा."
"मग नैवेद्य समज आणि गीळ."
"मला वर्षभर चालत नाही."

वहिनीने चॉपस्टिक खाली ठेवल्या.
"मंगेशला काय आवडायचं?"
"कोळंबी."
"मग?"

मी खाल्लं.

दुसऱ्या टोपलीतल्या डिमसमच्या आत गरम सूप होतं. मला कोण सांगणार? मी कचकन चावलं आणि अख्खं सूप साडीवर. मावससासूबाईंनी दिलेली ती फिकट, मेलेल्या रंगाची साडी.
"बरं झालं," वहिनी म्हणाली, "हिची पण कटकट गेली."

तेव्हा मी हसले. आणि मग जी रडायला लागले, ती थांबेचना. वेटर बिचारा टिश्यू आणून दमला. आजूबाजूचे बघत होते. वहिनी शांतपणे खात होती, मधेच एखादं डिमसम माझ्या प्लेटमध्ये सरकवत होती. थोपटणं वगैरे तिला कधी जमलं नाही.

मंगेश गेल्यापासून मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

निघताना तिने माझा फोटो काढला. डोळे सुजलेले, साडीवर डाग, चॉपस्टिक उलट्या धरलेल्या. आणि तिथूनच फॅमिली ग्रुपवर टाकला.

"सुजाताचा दुखवटा काढला. उद्यापासून ती ऑफिसला जाणार."

झालं. वाट लागली.

लाज सोडली. मंगेशला जाऊन महिना नाही झाला. ही असली थेरं आपल्यात नसतात. एक काका तर ग्रुप सोडून गेले. (परत आले. आजचा पहिला इमोजी त्यांचाच.)

काकीने लिहिलं, "असा काढलेला दुखवटा धरला जाणार नाही. रीतसर परत काढावा लागेल."

वहिनीचं उत्तर मला पाठ आहे.
"काकी, निघालेला परत घालायचा कसा ते तेवढं सांगा, मला येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी साडी घेऊन हजर. मी डबा भरून निघालेच होते. म्हटलं, "काकी, बस, चहा घे. माझा दुखवटा निघालाय."
आणि मी ऑफिसला गेले. आजही तिथेच आहे. ही पोस्ट वाचणारे माझे ऑफिसवाले, तुम्हाला मी मिळाले ती वहिनीमुळे.

आता कालची गोष्ट.

वहिनीला माती देऊन घरी आलो. दादा कोपऱ्यात बसलेला. तर हीच काकी म्हणाली, "त्याला असा घरात कोंडून ठेवू नका रे. मित्रांबरोबर जरा बाहेर पाठवा, बरं वाटेल त्याला."

एका दिवसात. पुरुषाला उंबरा नसतो वाटतं.

दादाने जावं. जायलाच हवं, मी स्वतः ढकलून पाठवीन. पण मग मला का कोंडलं होतं, ते आज ग्रुपवर लिहा. शब्दांत लिहा. हात जोडलेले चालणार नाहीत.

हे टाइप करतानाच काकीचा मेसेज आलाय. "तूही खचलीयस गं. रविवारी आमच्याकडे जेवायला ये, तुझाही दुखवटा काढून टाकू."

नाही येणार, काकी.

ऑफिसला जाईन, हसेन, भांडेन, कोळंबी खाईन. पण वहिनीचा दुखवटा मी कोणाला काढू देणार नाही. तो माझा आहे. राहू दे माझ्याजवळ.

जा गं शर्ली. नीट जा.

तुझी नणंद,
सुजाता