बराबरवाले सर

९ ऑगस्ट. बैठकीच्या सतरंज्या झटकल्या, पण राग काही झटकला गेला नाही.

हिंगोलीहून एक सर गावात बायांची मनं मोकळी करायला येतात. प्रत्येक वाक्याला ‘बराबर?’ जोडतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात. बैठक मंदिराच्या पारासमोरच घेतात, कारण तिथे फोटो चांगले येतात.

शेजारची सून सकाळी हापशावर मला म्हणाली होती, "काकू, सासरा हात उचलून राहिला माझ्यावर. आज बैठकीत सांगते." ती बोलायला उठली, तेवढ्यात सासरा शेतातून येऊन पारावर बसला. तिने पदर ओढला आणि ती खाली बसली.

"आत्मविश्वास कमी आहे, बराबर?" म्हणत सरांनी सगळ्यांसमोर तिला दीर्घ श्वास घ्यायला लावले. सासराही हसला. मारणारा समोर बसलेला असताना कुठली बाई तोंड उघडेल?

१० ऑगस्ट. आज सकाळी मी सतरंज्या माझ्या अंगणवाडीत अंथरल्या. सर आले तसं म्हटलं, "तुमी पारावरच्या म्हाताऱ्यांना श्वास शिकवा. आमी बाया आत बसतो." दाराला आतून कडी घातली आणि सुनेला म्हटलं, "बोल आता."