जाऊबाईंची किळस

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, किळस येण्याच्या कामात आमच्या थोरल्या जाऊबाईंचा हात धरील अशी बाई त्या काळी पोलादपुरात नव्हती, महाडच्या बाजारात नव्हती, आणि माझ्या माहितीप्रमाणे पुढेही झाली नाही. ज्यांचे जेवण व्हायचे असेल त्यांनी ते आधी उरकून घ्यावे, पान लावून बसावे आणि मगच वाचावे. मागाहून माझ्याकडे तक्रार आणू नये.

ताकात पडलेल्या माशीची किळस कोणालाही येते. जाऊबाईंना ताकावरून उडून गेलेल्या माशीचीही येई. दुसऱ्याच्या तांब्यातले पाणी त्यांच्या घशाखाली उतरत नसे. लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई बोटे चाटू लागली की त्या भरल्या पानावरून उठत, आणि मग परसात त्यांचा आवाज ऐकू येई. आमच्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या म्हणत, "माणसाला भूक लागते, तहान लागते. थोरलीला मळमळ लागते."

आणि अशा बाईला देवाने जे अंग दिले ते पाहून, देव हा थट्टेखोर आहे याबद्दल माझी खात्री पटली. जाऊबाई हाडापेराने किरकोळ होत्या. पण छातीचा भार असा, की जणू दुसऱ्याच कोणा धिप्पाड बाईचे अंग चुकून यांच्या वाट्याला आले होते. दोन मुले पिऊन मोठी झाली की भार उतरेल असे सगळ्या म्हणत. तो उतरला नाही, वाढला. चोळी रुतून खांद्यांवर खाचा पडल्या होत्या. पावसाळ्याचे चार महिने आमच्याकडे दोरीवरची लुगडी वाळत नाहीत, तिथे छातीखालची कातडी कुठून वाळणार? ती ओली राही, सोलवटे, आणि मग तिला वास येई. त्यावर एकीने गोमूत्र सांगितले, एकीने चुलीतली राख, आणि एका म्हातारीने ताज्या शेणाचा लेप. लेपाचे नाव काढताच जाऊबाई त्या म्हातारीच्या पायांवरच ओकल्या.

मला एकदा म्हणाल्या, "दुसऱ्याची घाण टाळता येते गो धाकटे. अंगावरची कुठं नेऊन ठेवू?"

बाजारात जायचे झाले की त्या दोन पदर घेत. पुरुषांच्या नजरेबद्दल त्यांचे एकच म्हणणे होते, "लाळ तोंडातून गळली तर पुसता तरी येते. यांची डोळ्यांतून गळते."

हे सगळे त्यांनी सोसलेही असते. पण आमचे घर भाताचे. लावणीच्या दिवसांत वाकता येत नाही ती बाई आमच्याकडे अर्धीच धरतात. जाऊबाई एका हाताने छाती सावरायच्या, दुसऱ्या हाताने रोपे खोवायच्या, आणि संध्याकाळी त्यांना सरळ उभे करायला दोघी लागत. एका वर्षी त्या तोल जाऊन चिखलात तोंडावर पडल्या. बाकीच्या बायका हसल्या. चिखल तोंडात गेला म्हणून जाऊबाई कितीतरी वेळ थुंकत राहिल्या, आणि त्यानंतर त्यांना कोणी शेतात बोलावले नाही. आत्याबाईंनी मात्र चुलीपाशी, ऐकू जाईल अशा बेताने, बोलायला सुरुवात केली. वरच्या वाडीवर एक पोरगी आहे, पाठीने भक्कम आहे. थोरल्याने दुसरी केली तर घर चालेल.

थोरले भाऊजी मुंबईला गिरणीत होते. ते गणपतीला आणि शिमग्याला येत, आणि प्रत्येक वेळी दोनच वाक्ये बोलत. "आलो." "निघतो." त्या गणपतीत त्यांनी आईचा तो बेत ऐकला, आणि निघताना तिसरे वाक्य बोलून घर हादरवले. म्हणाले, "दुसरी नको. मुंबईत डॉक्टरीणबाई हाय, ती हिचा भार कापून हलका करते. दिवाळीनंतर बोट सुरू झाली की हिला पाठवा."

घरात जो कल्लोळ झाला तो मी सांगत बसत नाही. सगळ्यांचे बोलून झाल्यावर आत्याबाईंनी एकच प्रश्न विचारला. कापतील ते टाकतील कुठे?

हा प्रश्न मुंबईत कोणाला सुचला नसता. आमच्याकडे बाळाची वारसुद्धा परसात पुरतात, वर दगड ठेवतात. आत्याबाईंचा हिशेब सरळ होता. "उद्या ही मेली का अर्धी इथं, अर्धी मुंबईत. मग हिचा जीव तिथल्या गर्दीत आपलं अंग शोधीत फिरायचा. कोणाला विचारील बिचारी? कापतील ते सगळं माघारी आणा. नायतर जाऊ नका." आणि त्यांनी फळीवरून लोणच्याची मोठी चिनीमातीची बरणी काढली, राखेने घासली आणि माझ्या हातात दिली. वर बजावले, "बरणी फोडू नको गो. पुढल्या वर्षी कैऱ्या घालायच्या हायत."

जाऊबाई तिथल्या तिथे परसात धावल्या. परत येऊन तोंड पुसत म्हणाल्या, "आणते. पण जाते."

सोबतीला मला धाडले, कारण मी महाडची, चार बुके शिकलेली. डॉक्टरीणबाई मोठ्या धीराच्या होत्या. त्यांनी जाऊबाईंना समोर बसवले आणि काय काय होईल ते लपवाछपवी न करता सांगितले. भुलीचा वास गोड असतो, पण जाग आल्यावर पोटात असेल नसेल ते बाहेर पडते. जखमेत रबराची नळी ठेवतात, तिच्यातून पाणी आणि रक्त झिरपते. ते झिरपायलाच हवे, आत साठले तर ताप चढतो, आणि ताप वाईट. कितीतरी दिवस हात वर करायचे नाहीत, घागर उचलायची नाही. टाके खाजतील, खाजवायचे नाहीत. स्तनाग्रे बधिर होतील, कदाचित कायमची. पुढे मूल झाले तर बहुधा पाजता येणार नाही. वण राहतील. आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या होतील असे वचन नाही.

जाऊबाई नाकाला पदर लावून शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग विचारले, "वाकता येईल?"

"येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मंग कापा. मी डोळे मिटते."

बरणी पुढे केल्यावर डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना, चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पण माणूस समजूतदार. नाही म्हणाल्या नाहीत.

त्यानंतरचे दिवस जाऊबाईंच्या किळसेच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावेत असे होते. भूल उतरली आणि त्या जे ओकू लागल्या, त्यापुढे त्या खोलीतल्या परिचारिकांनी हात टेकले. पट्टी सोडताना कापूस जखमेला चिकटलेला असे, तो भिजवून सोडवावा लागे. त्याखाली पिवळे, लाल, काळपट असे जे काही निघे ते पाहून मी भिंतीकडे तोंड करी. एका जागी टाका पिकला आणि त्याचा असा वास सुटला की शेजारच्या खाटेवरच्या बाईने आपली खाट हलवून मागितली. जाऊबाई म्हणाल्या, "नशीबवान हाय. मला कुठं हलवतील?" तापही आला. त्या दिवशी डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, आणि मी मनात काळकाईला नवस बोलले. ताप उतरला. जाऊबाईंनी डोळे उघडले आणि पहिली गोष्ट मागितली ती स्वतःचा तांब्या.

टाके निघाले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा खाली पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "डावी थोरली, उजवी धाकटी. घरात तशा अंगावर."

परतीच्या प्रवासात बरणी माझ्या मांडीवर. आत मीठ आणि स्पिरिट, तोंडाला मेणकापड, वर सुतळी. बाणकोटपर्यंत आगबोटीने आणि तिथून दासगावच्या लाँचने आलो. लाँचमध्ये बिरवाडीची एक ऐसपैस बाई आमच्यासमोर बसली. सावित्री नदीच्या पाण्यावर ऊन पडले आणि तिने तांदळाच्या भाकरीचे गाठोडे सोडले. आमच्याकडची रीत अशी की लाँचमध्ये कोणी एकटे खात नाही, आणि एकाने भाकरी दिली की दुसऱ्याने तोंडी लावायला द्यायचे. तिने आम्हाला चतकोर चतकोर दिला, आणि बरणीकडे हनुवटी दाखवून म्हणाली, "आता तुमच्यातली एक फोड काढा की. मुरलेलं दिसतंय."

मी गंभीर चेहऱ्याने म्हटले, "अजून मुरायचं आहे."

"असू दे गो. करकरीत पण चालंल मला."

एवढे ऐकले मात्र, जाऊबाई उठल्या आणि कठड्यावरून सावित्रीत रिकाम्या झाल्या. आता त्या बाईच्या ध्यानात सगळे लख्ख आले. ओकाऱ्या येताहेत आणि लोणचे सोडवत नाही. तिने मोठ्या मायेने जाऊबाईंची पाठ चोळली, कितवा महिना म्हणून विचारले आणि हक्क सोडून दिला. दासगावला उतरून मोटारीने आम्ही पोलादपुरात पोचलो, तो चौथ्या दिवशी शेजारणी चिंचा घेऊन हजर. जाऊबाईंना दिवस गेल्याची बातमी गावभर झाली होती.

आत्याबाईंनी परसातल्या फणसाखाली खड्डा तयार ठेवला होता. नारळ फोडला, दिवा लावला, बरणी रिकामी केली, माती लोटली, वर दगड ठेवला. हे सगळे त्यांनी इतक्या हळुवारपणे केले की मला क्षणभर भरून आले. मग त्यांनी बरणी चिंचेने घासून पुन्हा फळीवर ठेवली, आणि माझे भरून आलेले उतरले.

त्या फणसाचा गरा जाऊबाईंनी पुढे कधी खाल्ला नाही. आणि कैऱ्या उतरायच्या आत एका दुपारी बरणीचे तुकडे जमिनीवर सापडले. आत्याबाईंनी मांजराला शिव्या दिल्या. जाऊबाई तुकडे गोळा करीत म्हणाल्या, "मांजराला पण किळस असते, आत्याबाई."

लावणी आली. जाऊबाई कासोटा घालून भाताच्या आवणात उतरल्या. त्या वाकल्या आणि पात संपेपर्यंत वाकलेल्याच राहिल्या. बांधावर येऊन कोणाचा हात न धरता सरळ झाल्या, आणि मला म्हणाल्या, "धाकटे, मला पाठ हाय गो. इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं." चिखल त्यांच्या कपाळावर उडाला होता. तो पुसायला त्या विसरल्या. वरच्या वाडीच्या पोरीचे नाव त्यानंतर आमच्या चुलीपाशी निघाले नाही.

पुढे कुठून कुठून बायका चौकशीला येऊ लागल्या. शिवथरकडची एक सुईण आपली सून घेऊन आली होती, तिचीही तीच गत. जाऊबाई कोणालाही गोड बोलून फसवत नसत. नळी, झिरपणे, पिकलेला टाका, वास, खाज, बधिरपणा, सगळे असे रंगवून सांगत की पुढ्यातले पोहे बायका तसेच ठेवून जात. आणि ऐकणारीचा चेहरा पुरता पांढरा पडला की त्या तिच्या खांद्यावरच्या खाचेवर बोट ठेवून म्हणत, "सगळं ओकारी येण्यासारखं हाय. पण जा."

त्या सूनबाई मुंबईला गेल्या. आणखीही एक गेली. बरण्या त्यांनी आपापल्या नेल्या.

जाऊबाई फार जगल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या पावसाळ्यात त्यांना हिवताप झाला आणि आठवड्यात आटोपले. शेवटच्या दिवशीही वैद्याने काढा पुढे केला तेव्हा त्यांनी आधी वाटीच्या कडेकडे पाहिले आणि ती धुऊन आणायला लावली.

भाऊजी सकाळी येऊन पोचले. पावसाळ्यात बोट बंद, घाटातून मोटारीने आणि उरलेले पायी आले होते. त्यांनी "आलो" म्हटले नाही. तिरडी बांधून झाली. आत्याबाईंना आता दिसत नव्हते, त्या चाचपडत दारात येऊन उभ्या राहिल्या आणि उचलू देईनात. म्हणाल्या, "अर्धीच न्याल का रे तिला? फणसाखालचं काढा, तिच्याजवळ ठेवा. पुरती जाऊ दे माझी थोरली." ज्या बाईने कधीकाळी दुसरी सून पाहिली होती, तीच हे बोलत होती. दोघे पुरुष कुदळ घेऊन परसात गेले, दगड बाजूला केला, आणि पहिला घाव घालणार एवढ्यात, जन्मात चार शब्द न बोललेले भाऊजी भर लोकांत मोठ्याने ओरडले, "खणू नका रे! तिला किळस येईल!"